भिशी भरून वारीला: आमच्या दिंडीच्या व्यवस्थेचा दोन वर्षांचा अनुभव

आषाढी जवळ आली की ओळखीतल्या बायकांचे फोन सुरू होतात. कोणत्या दिंडीबरोबर जावं, भिशी म्हणजे दिंडीला भरायची वर्गणी किती, बायकांची सोय कशी, एकटीने गेलं तर चालतं का. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते. मी 2024 आणि 2025 अशी दोन वर्षं आळंदी ते पंढरपूर माऊलींच्या पालखीबरोबर एकाच दिंडीतून चालले. दिंडीचं नाव आणि नंबर देत नाही, कारण खाली थोडी तक्रारही आहे आणि ती घरातली आहे. पालखीच्या रथामागे चालणारी, ठरलेल्या क्रमांकाची, सातारा-सांगली भागातली जुनी दिंडी, एवढं पुरे.

माझी नोकरी एसटीत झाली, सांगली जिल्ह्यातल्या एका आगारात. शेवटची काही वर्षं गाड्यांच्या वेळापत्रकाच्या टेबलावर होते. आषाढीला जादा गाड्या सोडताना पंढरपूरच्या यात्रा स्थानकावर तीन वेळा ड्युटीही केली. त्यामुळे गर्दी कशी हलते, कुठे अडते आणि एक गाडी उशिरा सुटली की मागच्या दहांचं काय होतं, हे मला अंगाने माहीत आहे. वारीत पहिल्या दिवसापासून माझं लक्ष अभंगाइतकंच व्यवस्थेकडे होतं. भक्ती कमी होती म्हणून नव्हे. लाखो माणसं अठरा-एकोणीस दिवस रोज गाव बदलत चालतात, हे कोण चालवतं, हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून पडलेला होता.

आधी पैशाचं सांगते. 2024 ला भिशी तीन हजार रुपये होती, आळंदी ते पंढरपूर आणि बारशीला, म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पारणं होईपर्यंत. त्यात दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, तंबूतली जागा, सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर. एवढ्या पैशात हे बसत नाही, हे हिशोब करणाऱ्या कोणालाही कळेल. उरलेलं देणगीतून येतं आणि गावोगावच्या अन्नदात्यांकडून. एखाद्या विसाव्याला गावातलं एखादं कुटुंब आजोबांच्या काळापासून आमच्या दिंडीला पिठलं-भाकरी घालतं, आणि आम्ही पोचायच्या आधी भाकऱ्यांच्या चवडी फडक्यात बांधून तयार असतात. त्या घरातल्या सूनबाईने मला सांगितलं, "लग्न ठरवतानाच सासऱ्यांनी सांगितलं होतं, आमच्याकडे ह्या दिवशी दोनशे माणसं असतात." जेवणाला पूर्ण गुण. एकादशीला भगर-आमटी, एरवी चपाती, उसळ, भात, कधी लापशी. तिखट जरा जास्त, पण चालून आल्यावर तेच गोड लागतं.

दिंडीत साधारण एकशे ऐंशी माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये पखवाज, मग वीणेकरी, त्यांच्यामागे तुळस आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका, आणि शेवटी आम्ही बाकीच्या. वीणा ज्यांच्या गळ्यात, त्यांचा शब्द शेवटचा. आमचे बुवा चौऱ्याहत्तर वर्षांचे, घरचे शेतकरी. आवाज बारीक, पण रस्त्यावर त्यांनी मान वळवून पाहिलं तरी पोरं ओळीत येतात. तंबू, टँकर, आचारी, शिधा हे सगळं व्यवस्थापक बघतात. एकाकडे भजन, दुसऱ्याकडे भाकरी, अशी सरळ वाटणी.

पहाटे चारच्या आत वळकटी ट्रकजवळ आणून द्यायची. कोणी हाका मारत नाही. पहिल्या दोन दिवसांत एकदा उशीर झाला आणि माझी वळकटी मला सासवडपर्यंत खांद्यावर आणावी लागली. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट. पुन्हा उशीर झाला नाही.

भजनाचंही तसंच. काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ, शिवाय त्या त्या वाराचे अभंग. कोणत्या वेळी काय म्हणायचं ते ठरलेलं आहे, आणि सगळ्या दिंड्यांत तेच. मला वाटतं, निम्मी शिस्त ह्या मालिकेतच आहे. आमच्या आगारात घड्याळ बंद पडलं की गोंधळ व्हायचा. इथे मनगटावर घड्याळ नसलेली म्हातारी गौळण कानावर आली की सांगते, "आता विसावा जवळ आला."

ही घडी बसवली हैबतबाबांनी. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदार होते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 मध्ये तुकोबा आणि ज्ञानोबा दोघांच्या पादुका एकत्र घेऊन पालखी सुरू केली होती. पुढे वाद झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबांनी माऊलींचा सोहळा वेगळा केला. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आणि तंबू मिळाले, ते आजही त्याच घराण्याकडून येतात. फौजेत वावरलेल्या माणसाने भजनाला छावणीची शिस्त दिली. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. आळंदीच्या महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीवर डोकं टेकवताना पहिल्या वर्षी मी नुसता नमस्कार केला. दुसऱ्या वर्षी मात्र त्या माणसाच्या बुद्धीला केला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते: समाजआरती.

मुक्कामाच्या गावी संध्याकाळी पालखी तळावर पोचते. सगळ्या दिंड्या टाळ वाजवत तिच्याभोवती उभ्या राहतात. आवाज इतका असतो की शेजारणीला काही सांगायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मग सोहळ्याची शिस्त बघणारे चोपदार हातातला दंड उंच करतात आणि "होऽऽ" असा पुकारा होतो. त्या क्षणी टाळ थांबतात, सगळे. हजारो टाळ एकदम थांबल्यावर कानात जी पोकळी होते ती मी दुसरीकडे कुठे अनुभवलेली नाही. त्या शांततेत सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात. कोणाचा चष्मा, कोणाची पैशांची पिशवी, कोणाची किल्ली. दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता निघणार ते सांगतात. त्यानंतर आरती होते आणि माणसं आपापल्या तंबूकडे जेवायला पांगतात.

पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिने टाळ थांबवायचे नाहीत. सगळे गप्प, आणि त्या अंधारात एका कोपऱ्यातून एकच टाळ चालू. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने चालत जातात, ऐकून घेतात, गरज असेल तर समोरच्या दिंडीच्या वीणेकऱ्यांना बोलावतात, निवाडा होतो, टाळ थांबतात. तोवर आरती होत नाही.

पहिल्या वर्षी बरडच्या मुक्कामी आमच्याच दिंडीचे टाळ चालू राहिले. दुपारी मागची एक दिंडी क्रम मोडून आमच्यात घुसली होती. रेटारेटीत आमच्या तुळसवाल्या काकू पडल्या, गुडघा फुटला, तुळशीची माती रस्त्यावर सांडली. काकूंनी गुडघ्याकडे पाहिलंही नाही, आधी पदरात माती गोळा केली. त्यावेळी रस्त्यावर भांडण झालं नाही. पोरं चिडली होती, पण बुवा एवढंच म्हणाले, "संध्याकाळी." मला ते आवडलं नव्हतं. चूक समोर दिसत असताना संध्याकाळपर्यंत का थांबायचं?

तळावर मी बुवांपासून चार हातांवर उभी होते. पुकारा झाला, सगळं शांत झालं, आणि आमच्या टाळकऱ्यांतल्या एकाने डोळे मिटून टाळ चालू ठेवले. बाकीच्यांनी साथ दिली, सात-आठ जणांनी. छातीत धडधडायला लागलं. आजूबाजूच्या माना आमच्याकडे वळलेल्या. चोपदार आले. बुवा दोन वाक्यं बोलले: क्रम मोडला, बाईमाणूस पडलं. समोरच्या दिंडीचे वीणेकरी आले, वयाने बुवांपेक्षा लहान. त्यांनी सबब सांगितली नाही. आधी काकूंच्या आणि मग बुवांच्या पाया पडले, म्हणाले, "माऊली, चुकलं." बुवांनी त्यांच्या पायांना हात लावला. टाळ थांबले. पाच मिनिटंही झाली नसतील. आरती सुरू झाली.

दुपारी न भांडता संध्याकाळपर्यंत का थांबायचं, ते मला तिथे उमगलं. रस्त्यावर दोन्हीकडची दमलेली, तापलेली पोरं होती. तळावर सगळा समाज साक्षीला होता आणि समोर माऊली. शिवाय टाळ चालू ठेवणं फुकटचं नाही. तुम्ही टाळ वाजवता तोवर प्रत्येक दिंडी उपाशी आणि दुखऱ्या पायांवर उभी असते, सोहळ्याच्या मालकांपासून झाडूवाल्यापर्यंत. म्हणून क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी वाजवत नाही. आणि ऐकणाऱ्यालाही उद्या बघू म्हणता येत नाही, कारण त्याच्याही पोटात भूक आहे. आमच्या स्थानकावर तक्रार पुस्तक असायचं. लिहिणारा रागात लिहून जायचा, कागद वर जायचा, उत्तर येईपर्यंत तो प्रवासी गाव सोडून गेलेला असायचा. मी स्वतः कितीतरी तक्रारींवर "योग्य ती कार्यवाही करण्यात आली" असा शेरा मारला आहे. बरडच्या तळावर मला ते सगळे कागद आठवले आणि फार वाईट वाटलं.

आता माझी तक्रार. पहिल्या वर्षी बायकांच्या अंघोळीची सोय वाईट होती. टँकर एक, आडोसा नाही. रात्री अडीचला उठायचं, ट्रकच्या मागे चौघींनी साड्या धरायच्या आणि पाचवीने दोन तांबे अंगावर घ्यायचे. पुरुष टँकरच्या नळाखाली मोकळे. गेल्या काही वर्षांत मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं ठेवतात, त्यामुळे तो त्रास पुष्कळ कमी झालाय असं जुन्या वारकरी बायका सांगतात, आणि त्या कामाबद्दल मनापासून धन्यवाद. पण अंघोळीचं काम दिंडीचं दिंडीनेच बघायचं असतं. व्यवस्थापकांना सांगितलं तर म्हणाले, "वारीत थोडं सोसायचं असतं, माऊली." ते वाक्य मला लागलं. सोसायला मी तयार होते, पण वाटणी सारखी हवी ना? आमच्या तंबूतल्या एक जुन्या मावशीही माझ्यावरच रागावल्या. "आमच्या सासवांनी साड्या धरूनच अंघोळी केल्या. तुला हॉटेल पाहिजे तर घरी बसायचं."

मी गप्प बसले. पण टाळ डोक्यातून जात नव्हते. तळावर दिंडीची तक्रार ऐकायला चोपदार येतात. दिंडीच्या आतली तक्रार कोणी ऐकायची?

बारशीला, 18 जुलैला, पारणं झाल्यावर मठात हिशोब वाचला गेला. ही आमच्या दिंडीची फार चांगली पद्धत आहे. भिशी किती जमली, देणगी किती, टँकर, डिझेल, तेल-साखर, उरलं किती, सगळं मोठ्याने. वाचून झाल्यावर बुवांनी विचारलं, "कोणाचं काही?" मी उभी राहिले. पाय थरथरत होते. अंघोळीचं सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मला पहिल्या मुक्कामाला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तुमच्याजवळ रात्री जे बसतात त्यांत एकही बाई नाही. आमचं तुमच्यापर्यंत येतच नाही, बुवा." कोणीतरी हसलं. बुवा नाही हसले. थोडा वेळ वीणेच्या तारेवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी बायकांची यादी तुम्ही लिहायची. आणि यादी लिहिणारा माणूस रात्री हिशोबाला बसतो."

बाहेरून पाहणाऱ्याला हे फार छोटं वाटेल. पण आमच्या दिंडीत यादीची वही ज्याच्या हातात, त्याला तंबूत जागा कोणाला, भिशी कोणाची माफ, आजारी कोण, हे सगळं माहीत असतं.

2025 ला, 19 जूनला आळंदीहून प्रस्थान झालं तेव्हा वही माझ्या पिशवीत होती. भिशी दोनशेने वाढवली होती, आणि वाढ कशासाठी ते नाव लिहून घेतानाच प्रत्येकाला सांगितलं. कोणी कुरकुर केली नाही. त्या पैशांतून चार बाजूंनी बंद अशा कनातीच्या दोन न्हाण्या शिवल्या, खाली लाकडी फळ्या, आणि टँकरची एक जास्तीची फेरी. तिघी बायकांना भिशी परवडणारी नव्हती. त्यांची नावं वहीत आहेत, पुढे रक्कम नाही, आणि ते पान मी, बुवा आणि व्यवस्थापक सोडून कोणी पाहिलेलं नाही. त्यातली एक रोज सगळ्यांच्या आधी उठून तांदूळ निवडायची. मी तिला एकदा म्हटलं, "वहिनी, राहू द्या." म्हणाली, "माझी भिशी मला भरू दे." त्यानंतर मी तिला अडवलं नाही.

व्यवस्थापकांबद्दलही लिहायला हवं. पहिल्या वर्षी ज्यांनी मला सोसायला सांगितलं, त्यांनीच दुसऱ्या वर्षी फलटणला भर पावसात न्हाणीचा बांबू स्वतः ठोकला. माणूस वाईट नव्हता. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचायला वाट नव्हती.

जुनी माणसं वारी बदलत नाही म्हणतात. आपल्या डोळ्यांदेखत केवढं बदललं आहे! पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इरावती कर्वे वारीला चालल्या तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांचं आणि मराठ्यांचं जेवण वेगवेगळं होत होतं, आणि ते त्यांना सलत होतं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आमच्या पंगतीत आज कोण कोणाशेजारी बसतं हे कोणी बघत नाही. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. तंबूत वळकट्या लावताना आडनाव विचारणारी एक तरी असतेच, आणि वही हातात आल्यापासून मी जागा चिठ्ठ्या टाकून देते. 2020 मध्ये तर पादुका वीस माणसांबरोबर एसटीने पंढरपूरला गेल्या. ती बस रस्त्याने जाताना टीव्हीवर पाहिली आणि मी रडले होते. आमचीच लाल-पांढरी गाडी आणि मागे एकही टाळ नाही.

रस्त्याबद्दल एक नाराजी. पालखी महामार्ग रुंद झाला, चालायला ऐसपैस झालं, पण जुनी वडा-पिंपळाची सावली बऱ्याच ठिकाणी गेली. दुपारी डांबर पायाला चटके देतं. टोपी, सुती रुमाल आणि पाण्याची बाटली विसरू नका.

वेळापूरच्या मुक्कामी, दुसऱ्या वर्षी, लातूरकडची एक नर्सिंग शिकणारी मुलगी आमच्या तंबूत होती. पहिलीच वारी. पहाटे न्हाणीतून केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आई म्हणाली होती अंघोळीचे हाल होतील. इथे तर छान सोय आहे." पहिल्या वर्षी मला हॉटेल दाखवणाऱ्या त्याच मावशी वळकटी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपल्या दिंडीत पहिल्यापासून असंच आहे बाई. बायकांची न्हाणी वेगळी."

मी काही बोलले नाही. त्यांच्या वळकटीची दोरी आवळायला हात लावला.

कोणाला यायचं असेल तर: नावं गुढीपाडव्यापासून घेतो. ताट, वाटी, तांब्या स्वतःचा. दोन साड्या किंवा ड्रेस पुरे, तिसरा ट्रकमध्ये ओला राहतो. रेनकोटपेक्षा प्लास्टिकचा कागद बरा. जुन्या, पायात बसलेल्या चपला घाला. बीपी-साखरेच्या गोळ्या वीस दिवसांच्या मोजून घ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत माझ्याकडे द्या. पूर्ण वारी जमत नसेल तर लोणंदपासून या, भिशी त्या हिशोबाने कमी होते. पहिल्या मुक्कामापासून काही खुपलं तर त्याच रात्री मला सांगा, बारशीपर्यंत थांबू नका.

या वेळच्या वहीत पहिलं नाव त्या लातूरच्या मुलीचं आहे. भिशी तिने आधीच पाठवली आहे आणि विचारलंय, टाळ वाजवायला शिकायला किती दिवस लागतात.